केमोच्या दिवसांतली ऊठ-बस

परकराची नाडी आखूड पडायला लागली तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मला बावन्नावं चालू होतं. अहमदपूरच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते, दिवसभर उभीच असते, तरी पोट सुटलं म्हणून शिक्षक-खोलीत बायका चिडवायच्या. मग दोन घास खाल्ले तरी पोट तुडुंब वाटायला लागलं. गॅस, पित्त, पाळी जायचे दिवस, असं ज्यानं त्यानं आपापलं कारण सांगितलं आणि मी ते सगळं मान्य केलं. चार महिने ओवा खाल्ला. हे मुद्दाम लिहिते आहे. ओवा खाण्यात चूक काही नाही, चार महिने नुसता ओवा खाण्यात आहे.

शेवटी लातूरला सोनोग्राफी केली. तपासणारे डॉक्टर सुरुवातीला शाळेच्या गप्पा मारत होते. मध्येच गप्प झाले. पोटावरचं यंत्र एकाच जागी फिरवत राहिले.

"सोबत कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"मिस्टर आहेत बाहेर."

"त्यांना आत बोलवा."

त्या तीन शब्दांत मला कळलं. पुढच्या तपासण्या नुसत्या नाव सांगायला झाल्या.

नाव नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पसरलेला. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो. त्या सावकाश बोलत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. आमचे हे, दिगंबरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हिला जेवायला काय द्यायचं?" मला इतका राग आला! बायको मरायला टेकली आणि हा माणूस जेवणाचं विचारतोय. पुढं कळलं, त्या सगळ्यात त्यांच्या हातात येण्याजोगी तेवढी एकच गोष्ट होती.

परत येताना लोह्याच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन तापलंय म्हणाले आणि बॉनेट उघडून बराच वेळ माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. गाडीला काही झालेलं नव्हतं.

घरी तो शब्द कुणी उच्चारला नाही. नातेवाइकांना "पिशवीची गाठ आहे" एवढंच सांगितलं. मुलगा-सून हैदराबादहून आले, आठ दिवस राहिले, रडले, आणि नोकरीवर परत गेले. राहिलो आम्ही दोघं.

*

केमोचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा. नांदेडला पोचलं की आधी रक्त, मग वजन, मग वाट बघणं. पेशी पुरेशा असल्या तर खुर्ची मिळायची, नाहीतर "पुढच्या आठवड्यात या". जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला परत पाठवलं की सुटल्यासारखंही वाटतं आणि बुडाल्यासारखंही.

वॉर्डात ओळीनं खुर्च्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्याशी बाटली. माझ्या शिरा सापडायच्या नाहीत. एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या गरम पाण्याची पिशवी माझ्या हातावर ठेवून म्हणायच्या, "घाई नाही बाई, शीर आपणहून येईल." मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसायच्या. त्या बोलायच्या कमीच. पण त्या वॉर्डात माझा हात कुणी असा धरल्याचं आठवतं ते त्यांनीच.

केस पहिल्या केमोनंतर अठरा-वीस दिवसांत गेले. त्याचं मला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं झालं.

दुसऱ्या केमोनंतरची गोष्ट. अंघोळीला न्हाणीतल्या बुटक्या स्टुलावर बसले आणि उठताच येईना. मांड्यांत जोरच नव्हता. नळ धरला, भिंत धरली, अंगावरचं पाणी गार होत गेलं. शेवटी हाक मारली. दिगंबरराव आले, त्यांनी काखेत हात घालून मला उचललं, टॉवेल गुंडाळला. मी ढसाढसा रडले. कॅन्सर ऐकून मी एवढी रडले नव्हते.

त्या दिवसापासून त्यांनी मला पुढच्या खोलीत पलंगावर बसवलं ते बसवलंच. पाणी हातात, ताट हातात, पांघरूण अंगावर. पाय खाली टाकला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "कशाला उठून राहिलीस? मी हाय ना!" पंधरवड्यात माझ्या पोटऱ्या भिजवलेल्या कणकेसारख्या मऊ झाल्या. दिवसभर पडून असायचे आणि दिवसभर थकलेली असायचे. माझी समजूत अशी की हा आजाराचाच थकवा आहे, त्याला इलाज नाही.

तिसऱ्या केमोला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसातून किती चालता?"

माझ्या आधी हेच अभिमानानं म्हणाले, "एक पाऊल चालू देत नाही मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दादा, तिथंच चुकतंय."

*

त्यांनी आम्हाला वैष्णवीकडे पाठवलं. ती तिथली फिजिओथेरपिस्ट, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं नाडी, रक्तदाब, रक्ताचे रिपोर्ट सगळं पाहिलं आणि मला खुर्चीत बसवलं. "हात छातीवर घ्या मॅडम. हाताचा आधार न घेता उठा आणि बसा. जमतील तेवढ्या वेळा."

दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्ध्यातून खुर्चीत आदळले.

"छान," ती म्हणाली. "आता आपल्याला कळलं कुठून सुरुवात करायची."

तिनं समजावलं ते असं. यानं कॅन्सर बरा होत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण अंगात ताकद राहिली तर उपचार सोसायला मदत होते, ऑपरेशननंतर उभं राहणं सोपं जातं. नांदेडला यायची गरज नाही. ती फोनवर व्हिडिओ कॉल करणार, मंगळवारी मला एकटीला आणि गुरुवारी माझ्यासारख्याच आणखी एकीला सोबत घेऊन, दुपारी चार वाजता. एक रबरी पट्टी दिली. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: ताप, चक्कर, धाप, रक्तस्राव यातलं काही असेल तर व्यायाम नाही, आधी फोन.

गाडीत दिगंबरराव म्हणाले, "फोनवरून कसला व्यायाम? माणूस तिकडं, दुखणं इकडं."

मलाही मनातून तेच वाटत होतं.

केमोनंतरचे पहिले तीन दिवस तिनं फक्त घोटे फिरवायला लावले, झोपल्या झोपल्या. चौथ्या दिवशी खुर्ची. भिंतीला टेकवलेली, सरकणार नाही अशी. मग भिंतीवर हात ठेवून ढकलणं, टाचा उचलणं, अंगणातल्या दारापर्यंत जाऊन येणं. प्रत्येक वेळी विचारायची, "बोलता बोलता करता येतंय ना? बोलता येईनासं झालं की थांबायचं." मुलांना रोज 'मोठ्यानं वाचा' म्हणणारी मी, तिच्यासमोर टाचा उचलत कविता म्हणायचे. धाप लागली की ओळ तुटायची आणि ती म्हणायची, "बस. आज इथवर."

*

गुरुवारच्या कॉलवर दुसऱ्या होत्या गंगाबाई. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, साठीच्या, शेतात राबलेल्या. आजार माझाच, आमची भेट झाली तेव्हा त्या दोन केमो माझ्या पुढे. मला त्या 'बाई' म्हणायच्या, वैष्णवीला 'पोरी'. माहेर तेलंगणातलं, त्यामुळं खुर्चीवरून उठताना तोंडून "अम्मा" निघायचं.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माय गं, जन्मभर वाकून निंदलं, खुरपलं, कापूस येचला. कवा कुणी मोजलं न्हाई. आता ही पोरगी मोजून राहिली!"

त्यांच्या घरात रेंज यायची नाही. रेंज होती ती मारुतीच्या पारापाशी. म्हणून त्यांची सून रेखा एका हातात खुर्ची, एका हातात फोन घेऊन त्यांना पारावर आणायची. म्हणजे मी घरात दार लावून जे करत होते, ते गंगाबाई साऱ्या गावासमोर करत होत्या. फोनमध्ये त्यांच्या मागं बसलेली माणसं दिसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बाया दिसायच्या. पुढं एका गुरुवारी वाऱ्यानं त्यांच्या डोक्यावरचा पदर घसरला आणि टक्कल उघडं पडलं. मागून कुणीतरी बाई बोलली, ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "डोस्क्यावर केस न्हाईत अन् कवायत बघा!"

रेखानं घाईनं पदर वर घेतला. गंगाबाईंनी तो तिच्या हातातून सोडवून पुन्हा खांद्यावर टाकला, आणि मागं वळून म्हणाल्या, "केस गेले. पाय हायेत अजून."

मग आमच्याकडं तोंड करून, "हं पोरी, किती झालं? सहा का सात?"

त्या संध्याकाळी मी स्कार्फ न बांधता अंगणात गेले. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चहा टाकू का?" एवढंच झालं. मी कशाला भीत होते कोण जाणे.

*

तिसऱ्या केमोनंतरचा दहावा-अकरावा दिवस असेल. मंगळवार. वैष्णवीचा कॉल आला, मी खुर्चीवर बसलेच होते.

"मॅडम, आवाज असा का येतोय?"

"काही नाही गं, जरा कणकण आहे. करते मी."

"करू नका. थर्मामीटर लावा. मी फोनवर थांबते."

ताप एकशे एकच्या वर होता. मी म्हटलं, गोळी घेते आणि पडते. ती एकदम कडक झाली. माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. "गोळी घेऊन वाट बघायची नाही. आत्ता निघायचं. मी इथं सांगून ठेवते."

नांदेडला पोचेपर्यंत माझे दात वाजत होते. पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. पाच दिवस ॲडमिट होते. दुसऱ्या दिवशी वैष्णवी बघायला आली तेव्हा दिगंबरराव दारातच तिला म्हणाले, "तुमच्या त्या उठ-बशीनंच झालं हे." मागून राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, केमोनं पेशी उतरल्या आणि जंतुसंसर्ग झाला. हिनं फोनवर ओळखलं म्हणून तुम्ही काल आलात. उद्या आला असतात तर मला वेगळं बोलावं लागलं असतं."

त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. घरी आले तर खुर्ची माजघरात गेलेली आणि रबरी पट्टी गायब.

"पट्टी कुठाय?"

"ठेवलीय. ऑपरेशन होईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही."

"डॉक्टरांनी सुरू करायला सांगितलंय."

"डॉक्टर घरी नसतात. घरी मी असतो."

तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दुखवेल असं फारसं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुम्ही मला जपताय की पुरून ठेवताय?"

ते पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांच्या अक्काचं बोलायला लागले. त्यांची थोरली बहीण. मी घरात येण्याआधीच गेलेली, मी फक्त फोटोत पाहिलेली. काय आजार होता कुणालाच नीट कळलं नव्हतं. पोटात दुखायचं म्हणे.

"शेवटच्या दिवसापर्यंत हिरीवरून पाणी भरलं तिनं," ते म्हणाले. "घागर डोक्यावर, एक हात पोटावर. आम्ही सगळे घरात होतो. मी तेरा वर्षांचा होतो. कुणी तिला बस म्हणलं नाही, शोभा. एकानं नाही. मला वाटलं, तुला तरी बसवावं."

त्यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यांचा राग येत होता तो कुठं गेला कळलं नाही. त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "अक्काला बस म्हणायला पायजे होतं. मला ऊठ म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची भिंतीला टेकवलेली होती. हे समोर वेताच्या मोड्यावर बसले आणि मोजायला लागले. इतकं सावकाश मोजायचे की 'चार' येईपर्यंत माझं सहावं उठणं व्हायचं. त्यावरून आम्ही भांडलो. बऱ्याच महिन्यांनी आमच्या घरात असं साधंसुधं भांडण झालं.

*

ऑपरेशन लांब चाललं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी उभं केलं तेव्हा सिस्टरनं धरलं होतं, पण पायांनी दगा दिला नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत गेले. खाली पार्किंगमध्ये दिगंबरराव कुणाला तरी फोनवर काहीतरी सांगत उभे होते. त्यांना मी दिसले नाही. मी मात्र त्यांच्याकडं बघत उभी राहिले, आपल्या पायांवर.

मग पुन्हा श्वासापासून सुरुवात. खोकताना पोटाशी उशी धरायची, उठताना आधी कुशीवर वळायचं. वजन उचलायचं नाही, पोटावर ताण नाही. वैष्णवीनं सगळं नव्यानं, हळू चढवत नेलं. उरलेले तीन केमो झाले. सोपे गेले असं म्हणणार नाही. हातापायांना मुंग्या यायच्या, त्या अजून येतात, तोंडाला चव नसायची, आणि काही दिवस असे होते की कॉल आला तरी मी उचलला नाही. त्यावर ती कधी रागावली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायची, "आज फक्त घोटे?" केमो संपल्यावर महिन्याभरानं शाळेत गेले. स्कॅन स्वच्छ आला आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासते आणि रिपोर्ट येईपर्यंत घशाखाली घास उतरत नाही. हे असंच राहणार म्हणतात.

गंगाबाईंचं तसं झालं नाही. त्यांचा आजार उपचार संपता संपताच परत उठला. औषध बदललं, त्यालाही दाद दिली नाही. त्या माझ्यापेक्षा जास्त मन लावून करायच्या, एकही गुरुवार चुकवला नव्हता. मी वैष्णवीला विचारलं, मग काय उपयोग? ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला पहिल्या दिवशी खोटं सांगितलं नव्हतं." खरंच नव्हतं सांगितलं. तरी मला ते ऐकवेना.

शेवटच्या काही गुरुवारी गंगाबाई पारावर आल्या नाहीत. शेजारच्या पाटलाच्या घरी नुकत्याच आलेल्या वायफायवर रेखा त्यांच्या खाटेपाशी फोन धरायची. त्या नुसते घोटे हलवायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मला त्यांच्यासमोर ऊठ-बस करायची लाज वाटू लागली, मी थांबले. तशा त्या फोनमधून खेकसल्या, "थांबल्या कशाला? म्या बघून राहिले ना!"

त्यानंतर दोन आठवड्यांनी रेखाचा फोन आला.

*

मी एकटीच गेले त्यांच्या गावी. दिगंबरराव गाडीनं सोडतो म्हणत होते, पण मला एसटीनं जायचं होतं. बिलोलीहून पुढं जीप केली. रेखानं चहा केला. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. ती म्हणाली, "जायच्या आधी चार दिवसापर्यंत आत्याबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून आपल्या पायानं मोरीपर्यंत गेल्या. खाटेवर भांडं लावू दिलं न्हाई मला. म्हणायच्या, पोरीनं एवढं मोजून शिकवलंय, वाया कशाला घालू."

निघायला उठले तेव्हा ती दारात घुटमळली.

"बाई, एक इचारायचं व्हतं. माझं बी पोट दोन-तीन महिने झाले, फुगल्यावानी व्हतंय. थोडं खाल्लं की भरतंय. आत्याबाईच्या मागं ध्यान दिलं न्हाई. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

तिचं वय पस्तीस-छत्तीस.

म्हटलं, "चप्पल घाल."

"आत्ता? सैपाक पडलाय. सोमवारी जाते की."

"रेखा, चप्पल घाल."

तिची तपासणी त्याच दुपारी बिलोलीला झाली, पुढची नांदेडला. साधी पाण्याची गाठ निघाली, औषधं सुरू आहेत, ती बरी आहे. वाचणाऱ्या बाईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून हे आधीच सांगून टाकते. पण त्या दुपारी आम्हाला दोघींनाही ते ठाऊक नव्हतं. मला सोडून जीप परत गेली होती, गावात दुसरी नव्हती. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचं होतं, दोन-अडीच किलोमीटर तरी असेल. दोन्ही बाजूंना तूर, मध्ये पांढरी धूळ. मी पुढं निघाले. डोक्यात एकच होतं, दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं. किती चालले, कशी चालले, माझं लक्ष नव्हतं.

मागून रेखाचा आवाज आला. तिला धाप लागली होती.

"बाई," ती म्हणाली, "जरा दमानं चला की."